आप्पा, गाडीचा गार्ड उतरवलाय

तीर्थरूप आप्पा,

पुढे साष्टांग नमस्कार लिहायला हात वळत नाही, म्हणून ती जागा मोकळी सोडतोय. हे पत्रही मी आपण होऊन लिहिलं नसतं. तुम्ही गेल्याला वर्ष होत आलं, येत्या गुरुवारी वर्षश्राद्ध आहे, आणि या वर्षभरात तुमच्याशी बोलावं असं मला एकदाही वाटलं नाही. पण काल मायनं तुमच्यासाठी एक निरोप सांगितला. तो पोचवण्यासाठी कागद काढलाच आहे, तर माझंही ऐकून घ्या. निरोप शेवटी देतो. जिवंतपणी तुम्ही कुणाचं बोलणं पुरतं ऐकलं नाहीत, मधेच चपला घालून निघायचात. आता निघून जायची सोय नाही.

आधी तुम्हाला झोंबणारी बातमी. तुमच्या अँबेसिडरचा पुढचा लोखंडी गार्ड मी उतरवलाय. मागची कार्यकर्त्यांना उभं राहायची पायरीही उतरवली. दोन्हींच्या जागी गाडीचे मूळचे चकचकीत बंपर बसवले. घरीच, ओट्यासमोर, माझ्या हातानं. चार दिवस लागले. तुम्ही होतात तोवर तुमच्या हुकमाशिवाय मला गाडी फक्त पुसायची परवानगी होती. आठवतं ना?

हे सगळं सुरू झालं तुमच्या बबनकाकांमुळे. तुमचे जन्माचे सोबती, तुमच्या प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणारे. मागच्या आठवड्यात ते घरी आले आणि वर्षश्राद्धाला मिरवणूक काढायची म्हणाले. गाडी धुऊन पुसून ठेव, गार्डला काळा रंग मार, त्यावर आप्पांचा मोठा फोटो बांधू, हार घालू आणि तेलगावातून फिरवू. लोकांनी आप्पांना त्या गार्डामागंच बघितलंय, असं म्हणाले. मी हो म्हणालो. तुमच्या माणसांना हो म्हणायची सवय लागली आहे.

ते गेल्यावर रंगाचा डबा घेऊन गाडीसमोर बसलो. गंज खरवडायला लागलो, तर एका पाईपावर खडूची जुनी खूण दिसली. गार्डाच्या आतल्या बाजूला होती, म्हणून राहिली असेल. वर तेलाचा थर बसला होता. ती खूण माझ्या हातची होती, आप्पा. जिन्याच्या पायऱ्या मोजून, कुठे कापायचं ते ठरवून, मीच केली होती. रंगाचा डबा तसाच बंद केला.

तुम्ही विसरला असाल, म्हणून सांगतो. आपल्या घराला स्लॅब पडला, तेव्हा बाहेरून जिना काढला. कठडा नंतर करू म्हणालात. माय दोन उन्हाळे त्या उघड्या जिन्यावरून शेवया, कुरडया, डाळी, मिरच्या वर नेत होती, एका हातात पाटी आणि दुसरा हात भिंतीला. उतरताना भिंत डाव्या अंगाला येते, म्हणून उलटी पाठमोरी उतरायची. तिनं किती वेळा सांगितलं तुम्हाला? शेवटी तुम्ही माजलगावहून पाईप आणि उभ्या खांबांसाठी अँगल आणलेत. मी मापं घेतली, खुणा केल्या. सगळं लोखंड चार महिने जिन्याच्या पायथ्याशी पडून राहिलं. माय रोज त्याला वळसा घालून वर जायची.

मग पंचायत समितीची निवडणूक लागली आणि समोरच्या पार्टीच्या उमेदवाराच्या जीपला हा भला मोठा गार्ड आला! तुमचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. त्याची जीप रस्त्यानं आली की लोक बाजूला होतात आणि माझी गाडी आली की पोरं बंपरमध्ये तोंड बघून भांग पाडतात, हे तुमचे शब्द. दुसऱ्या दिवशी जिन्याचे पाईप आणि अँगल ट्रॅक्टरमध्ये टाकून सलीमभाईच्या दुकानात. उसाच्या ट्रॉल्या जोडणारा माणूस तो. त्यानं ट्रॉलीच्या हिशेबानंच पाईपांचा पुढचा गार्ड आणि अँगलची मागची पायरी जोडली.

माय ओट्यावर उभी होती. तिनं फक्त जिन्याचं काय एवढं विचारलं. तुम्ही म्हणालात, "जिना कुठं पळून चाललाय? निवडणूक झाली की बसवू."

निवडणूक झाली. तुम्ही पडलात. गार्ड राहिला.

आणि मी काय करत होतो? खोटं कशाला बोलू, मी खूश होतो! तेवीस वर्षांचा होतो. गाडी घेऊन सलीमभाईकडे मीच गेलो, मूळचे बंपर मीच खोलले, गार्डला चांदीचा रंग मीच दिला आणि पुढे झेंडा लावून मीच तुमच्या शेजारी बसलो. माझ्या हातच्या खुणा गार्डात गेल्या, याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. तुमच्यावर चिडतोय तेवढाच माझ्यावरही चिडतोय, हे लक्षात असू द्या.

पुढच्या चैत्रात माय पडली. शेवयांची पाटी घेऊन उतरत होती. वरून सातवी पायरी. खुब्याचं हाड मोडलं. बीडला नेलं, ऑपरेशन झालं, एक पाय बोटभर आखूड झाला. दवाखान्याच्या दारात तुम्ही मला बाजूला घेतलंत. पाहुणे येतील, विचारतील, आपल्या घराची शोभा नको. चक्कर आली म्हणायचं. मग डॉक्टरांनी मलाच विचारलं, कशा पडल्या? मी म्हणालो, चक्कर आली.

डॉक्टर काय करणार? त्यांनी चकरेच्या गोळ्या लिहून दिल्या. मायनं त्या किती वर्षं खाल्ल्या, माहीत आहे तुम्हाला? आणि त्या एका शब्दानं तिचं काय काय गेलं, ते तुम्ही कधी मोजलंत का? मळ्यात एकटी जायची, ते बंद, कारण चक्कर येईल. लग्नाला जाणं बंद. विहिरीकडे जाणं बंद. भावाच्या घरी चार दिवस राहायची, तेही बंद, तिथं कोण बघणार म्हणून. पायानं ती काठी घेऊन फिरली असती, आप्पा. तिला घरात बसवलं ते चकरेनं, आणि चक्कर तर तिला कधी आलीच नव्हती! तुम्ही आणि मी मिळून तिच्याबद्दल बोलत होतो आणि ती ऐकत होती.

एक गोष्ट मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती काठी घेऊन चालायला लागली, तेव्हा मी भीतभीत म्हणालो, आता तरी कठडा करू. तुम्ही पान लावत होतात. मान वर न करता म्हणालात, "आता ती वर जानारच न्हाई, तर कठडा कशाला?"

हे तुम्ही बोललात. तिच्यासमोर. पान लावता लावता.

तुम्ही म्हणाल, मग तू का नाही केलास? बरोबर आहे. तुम्ही होतात तेव्हा हिंमत नव्हती, आणि तुम्ही गेल्यावर त्या जिन्याकडे न बघायची सवय झाली होती. तुमची सून धुणं वाळवायला वर जाते, तिलाही भिंतीला धरूनच जा असं सांगत आलो. बघा, तुमचंच वळण.

तर मी बोल्ट खोलायचे पाने काढले. आधी डिझेल सोडून बोल्ट दोन दिवस भिजत ठेवले. सलीमभाईनं गार्ड नुसता आवळला नव्हता, बंपरच्या पट्ट्यांना जागोजागी वेल्डिंगचे टाके मारले होते. गाडीखाली बारदान टाकून उताणा पडलो, टाके ग्राइंडरनं कापले. मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी जवळ, म्हणून ती आधी रिकामी करून उतरवली, लांब नेऊन ठेवली, बॅटरीची वायर काढली आणि ओली पोती लावली. माझ्या अंगावर गंज, माती आणि तुमच्या निवडणुकीचा जुना गुलाल पडत होता. कुठल्या सांदीत बसला होता कुणास ठाऊक! हरलेल्या निवडणुकीचा गुलाल तुम्ही आधीच उधळून घेतला होतात ना, अर्ज भरायच्या दिवशी? तोच असणार.

मूळचे बंपर भंगारात गेले असं मी धरून चाललो होतो. तुम्हीच द्या म्हणाला होतात. जुन्या गाड्यांचं सामान ठेवणाऱ्या एकाला बीडला फोन लावत होतो, तर माय आतून म्हणाली, "फोन कावून करतो? माझ्या पलंगाखाली बघ."

दोन्ही बंपर तिथं होते. तिच्या हिरव्या लुगड्याच्या दोन तुकड्यांत गुंडाळलेले. उघडले तर करडईच्या तेलाचा वास आला. गंजाचा ठिपका नाही! वर हळदीकुंकवाची बोटं, एकावर एक, किती वर्षांची असतील. तुम्ही दर खंडेनवमीला अंगणात गाडीच्या गार्डला हार घालायचात, नारळ फोडायचात, बबनकाका घोषणा द्यायचे. त्याच वेळी माय आत काठीच्या मुठीनं बंपर पलंगाखालून ओढून, पुसून, तेल लावून, त्यांची पूजा करत होती. तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. एका घरात एका गाडीची दोन ठिकाणी पूजा होत होती.

का ठेवले, असं मी विचारलं नाही. मला कपिलधार आठवलं. श्रावणात तुम्ही आम्हाला गाडीतून धबधबा बघायला नेलं होतंत. तुषारांनी मायचं कुंकू ओघळलं. ती गाडीसमोर उकिडवी बसली आणि बंपरमध्ये बघून कुंकू नीट करायला लागली. तुम्ही आतून हसून म्हणालात, अगं, इथं आरसा आहे की. ती म्हणाली, ह्यात मी पुरी दिसते. आणि तुम्ही हॉर्न वाजवला नाहीत. तिचं होईपर्यंत थांबलात. तेवढं एक तुमच्या बाजूनं लिहून ठेवतो. शोधूनही दुसरं सापडत नाही.

बंपर बसवताना माझी फजिती झाली, तीही ऐका. पुढच्या पट्ट्यांची भोकं जुळेनात. पहार लावून पट्टी सरळ केली, घाम गाळून चारी बोल्ट आवळले आणि मागं सरून ऐटीत बघत उभा राहिलो. ओट्यावरून माय म्हणाली, मागचा पुढं लावलास की. मी म्हणालो, तुला काय कळतं त्यातलं? तर म्हणाली, "त्याला चिंचेचा मार हाय, डाव्या कडंला. हात लावून बघ." लावला. पोचा होता! तुम्ही गाडी मागं घेताना चिंचेच्या झाडावर घातली होतीत ना, तोच. म्हणूनच भोकं जुळत नव्हती, आणि मी शहाण्यानं पहार लावून गाडीलाच वाकवलं. पुन्हा सगळं खोललं. त्यात एक दिवस गेला.

परवा संध्याकाळी दोन्ही बंपर जागेवर बसले आणि तेवढ्यात बबनकाका आले. हातात तुमचा फोटो, फ्रेम केलेला, फेट्यातला. गार्ड अंगणात पडलेला पाहून ते जागेवरच थांबले. "कावून काढला बे दत्ता? आप्पाची शान व्हती ती. लोकं काय म्हनतील?"

मी पाना खाली ठेवला. एरवी मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं असतं. पण चार दिवस त्या लोखंडाखाली उताणा पडून होतो, तोंडात गंज गेला होता. मी म्हणालो, "काका, हे जिन्याच्या कठड्याचे पाईप हायेत. माय चक्कर येऊन पडली न्हाई. कठडा नव्हता म्हनून पडली. आप्पांनी खोटं सांगितलं, आन मी बी."

माय दारातच होती. काका तिच्याकडे बघायला लागले, वहिनी आता काहीतरी सावरून घेईल म्हणून. इतकी वर्षं ती सावरतच आली होती. या वेळी तिनं सावरलं नाही. काकांनी फोटो ओट्यावर ठेवला, जरा वेळ पायानं माती उकरली आणि निघून गेले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना खरंच चक्करच माहीत होती. तुमच्या तोंडून ऐकलेलं त्यांनी गावभर इमानदारीनं सांगितलं.

ते गेल्यावर मी गार्ड उचलून फाटकाकडे न्यायला लागलो. भंगारवाला आला की देऊन टाकू, डोळ्यांसमोरून जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माय काठी टेकत आली आणि तिनं काठी गार्डावर आडवी ठेवली. "भंगारात न्हाई द्यायचा. ते माझ्या जिन्याचं हाय. सलीमला बोलाव."

सलीमभाई काल सकाळीच मशीन घेऊन आला. म्हातारा झालाय, हात थोडा हलतो, पण टाका अजून सरळ पडतो. त्यानं गार्ड उलगडला. मागच्या पायरीचे अँगल उभे केले, पुढचे पाईप वर आडवे टाकले. तुमच्या ऐटीसाठी वाकवलेली दोन टोकं सरळ होईनात, ती त्यानं खालच्या पायरीशी लावली. हाताला बरी बसतात. काम करता करता मला म्हणाला, त्या वेळीच आप्पांना विचारलं होतं, जिन्याला काय लावणार म्हणून. आप्पा म्हणाले, तू तुझं काम कर. म्हणजे सलीमभाईलाही कळत होतं, आप्पा! सगळ्यांना कळत होतं. फक्त तुम्हाला थांबवणारा कुणी नव्हता.

लोखंड थंड झालं, तशी माय उठली. मी पुढं झालो, तिनं मला बाजूला केलं. काठी खालीच भिंतीला टेकवली. दोन्ही हातांनी पाईप धरला आणि चढायला लागली. आखूड पाय आधी, मग दुसरा. माझ्या खडूच्या खुणेवर तिचा हात आला, पुढे सरकला. सातव्या पायरीशी, जिथून ती पडली होती तिथं, थांबली. तिनं तिथं उभं राहून पदर नीट केला आणि वर गेली.

बारा वर्षांनी वर गेली, आप्पा. वर तुमच्या पार्टीचे जुने फलक, फुटकी खुर्ची आणि पालापाचोळा. तिनं चारी कडांनी फिरून बघितलं. धरणाच्या पाण्यावरचा ऊस किती लांबपर्यंत गेलाय, ते तिनं बघितलंच नव्हतं. मग खाली वाकून सुनेला हाक मारली आणि केरसुणी मागवली. शेवयांचा हंगाम तोंडावर आलाय, झाडून घ्यायला पाहिजे म्हणाली.

आता गुरुवारचं सांगतो. मिरवणूक निघणार नाही. तुमचं श्राद्ध मी रीतीप्रमाणे करीन, पान वाढीन, कावळ्याची वाट बघीन. तो शिवला नाही तर त्याची समजूत काढायची ताकद माझ्यात नाही, मायला सांगीन. तुमचा फोटो घरातच लावलाय, पण अशा भिंतीवर, जिथून खिडकीतून जिना दिसतो. बघत राहा.

आणि एक वचन देतो. ते तुम्हाला नाही, मायला देतोय, तुमच्या साक्षीनं. यापुढे ती कशी पडली असं कुणीही विचारलं, पाहुण्यांनी, डॉक्टरांनी, तुमच्या पार्टीवाल्यांनी, तर मी खरं तेच सांगीन. तुमचं नाव घेऊन आणि माझंही घेऊन. श्राद्ध आटोपलं की त्याच गाडीतून तिला बीडला नेईन, डॉक्टरांसमोर बसून माझं बारा वर्षांपूर्वीचं बोलणं मागं घेईन आणि तिथून कपिलधारला. धबधब्याला आत्ता पाणी नसेल. नसू दे. बंपर आहे.

राहिला मायचा निरोप. काल केरसुणी हातात घेऊन ती वरून खाली बघत होती. मी विचारलं, उतरतेस का, धरू का? ती नको म्हणाली. मग कठड्याला धरून बोलली. तुमचं नाव ती अजूनही घेत नाही. तिचेच शब्द लिहितो.

"त्यांला कळव. कठडा बसला म्हनावं. मी वर आले, आन मला चक्कर आली न्हाई."

तुमचा मुलगा,
दत्ता
तेलगाव